जलाशयातील मासेमारी व पिंजरा मत्स्यसंवर्धनासाठी ॲल्युमिनियम बोट : निवड, बांधणीची पारख आणि चाचणी

धरणांच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था आणि पिंजरा पद्धतीने मत्स्यसंवर्धन करणारे शेतकरी लाकडी होडी, डोंगा किंवा थर्माकोलच्या तराफ्याऐवजी ॲल्युमिनियमची बोट घेण्याचा विचार करतात. ही बोट हलकी असते, सडत नाही आणि नीट वापरल्यास अनेक वर्षे टिकते. मात्र नवा चकाकणारा पत्रा सगळ्याच बोटींचा सारखा दिसतो. धातूची प्रत, पत्र्याची जाडी, जोडकाम आणि बुडू न देणारे कप्पे या गोष्टी वरून दिसत नाहीत; त्या मोजून आणि पाण्यात चाचणी घेऊनच कळतात.

मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी दरम्यान अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती मासेमारीची बोट नव्हती. पण त्याच पाण्यावर, वळिवाच्या त्याच दिवसांत मच्छीमार रोज जाळे टाकायला जातात. त्यामुळे बोटीची निवड ही केवळ किमतीची बाब नाही. पूर्ण भाराने आणि पाणी भरलेल्या अवस्थेत चाचणी झाल्याशिवाय बोटीचे पूर्ण पैसे देऊ नयेत, हा या लेखातील मुख्य सल्ला आहे.

ॲल्युमिनियम का, आणि कोठे नको

ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे, तर पोलादाची सुमारे ७.८५. म्हणजे ३ मिमी जाडीच्या एक चौरस मीटर ॲल्युमिनियम पत्र्याचे वजन सुमारे ८ किलो, तर तेवढ्याच पोलादी पत्र्याचे साडेतेवीस किलो भरते. हलकी बोट चार जण उचलून काठावर घेऊ शकतात, पाणी ओसरल्यावर चिखलातून ओढता येते आणि इंधन कमी लागते.

- लाकडी होडी : स्थानिक सुतार दुरुस्त करू शकतो. परंतु दरवर्षी डांबर किंवा तेल लावावे लागते. लाकूड भिजून जड होते व सडते.
- लोखंडी पत्र्याची होडी : स्वस्त, कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त होते. परंतु जड असते आणि गंजते.
- फायबरची बोट : आकार चांगला मिळतो, गंजत नाही. परंतु खडकावर आदळल्यास तडा जातो. उघड्या पडलेल्या थरांत पाणी मुरते.
- ॲल्युमिनियम बोट : दगडावर आपटल्यास बहुधा पोचा येतो, लगेच फुटत नाही. परंतु दुरुस्तीसाठी आरगॉन वायूवर चालणारे मिग किंवा टिग वेल्डिंग लागते. गावातील साध्या वेल्डिंगवर हे काम नीट होत नाही.

आपल्या भागात पन्नास-साठ किलोमीटरच्या आत ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारा कारागीर आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहून ठेवावे. लहान गावतळ्यात वल्ह्यावर चालणाऱ्या, वर्षातून थोडेच दिवस वापरायच्या बोटीसाठी एवढा खर्च बहुतेक वेळा परवडत नाही.

आधी भार ठरवा, मग माप

‘सोळा फुटी बोट हवी’ असे सांगून मागणी नोंदवू नये. आधी बोटीतून एका फेरीत जास्तीत जास्त काय जाणार आहे, याची यादी करावी. पिंजऱ्यांना खाद्य पोचवणाऱ्या बोटीचे एक उदाहरण असे :

| बाब | वजन (किलो) |
|---|---|
| दोन माणसे | १४० |
| खाद्याची ८ पोती, प्रत्येकी २५ किलो | २०० |
| इंजिन | ४० |
| इंधन व टाकी | २० |
| क्रेट, दोर, नांगर, अवजारे | ४० |
| एकूण भार | ४४० |
| बोटीचे स्वतःचे वजन | १६० |
| एकूण | ६०० |

बोट पाण्यात किती बसेल, याचा अंदाज सोप्या हिशेबाने काढता येतो. एक चौरस मीटर क्षेत्र एक सेंटीमीटर खाली गेले की १० किलो वजन पेलले जाते. १६ फूट (सुमारे ४.९ मीटर) लांब आणि ५ फूट (सुमारे १.५ मीटर) रुंद, सपाट तळाच्या बोटीचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर धरता येते. म्हणजे दर ५० किलोला ती एक सेंटीमीटर खाली जाईल. ६०० किलोला १२ सेंटीमीटर. बोटीची मधली खोली ५५ सेंटीमीटर असेल, तर पाण्यापासून काठापर्यंत ४३ सेंटीमीटर उंची मोकळी राहते.

लहान, आडोशाच्या तलावात ही मोकळी उंची पूर्ण भाराने किमान ३० सेंटीमीटर असावी. उजनी किंवा जायकवाडीसारख्या लांब-रुंद जलाशयात वाऱ्याला मोकळे पाणी मिळते आणि लाटा उंच उठतात. तेथे ४० सेंटीमीटरपेक्षा कमी उंची घेऊ नये. ही उंची बोटीच्या सर्वांत खालच्या जागी मोजावी. ती जागा बहुधा मागे, इंजिनाजवळ असते.

येथे एक गैरसमज टाळावा. वरील बोटीत आणखी आठ माणसे बसवली, तर ती साधारण ११ सेंटीमीटरच खाली जाईल आणि काठ अजून ३२ सेंटीमीटर वर दिसेल. तरीही ती बोट धोकादायक असते. खाद्याची पोती तळाशी आणि स्थिर असतात. माणसे उंच असतात, उभी राहतात आणि एकदम एका बाजूला सरकतात. मोकळी उंची आणि बोटीचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘अमुक किलो वजन पेलते’ एवढ्यावर न थांबता, ‘किती माणसे’ हा आकडा उत्पादकाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावा आणि तो बोटीवर पाटी लावून नोंदवावा.

तळाचा आकार

- सपाट तळ, चौकोनी पुढचे टोक : उथळ पाण्यात चालते, उभे राहून काम करताना कमी डोलते, पिंजऱ्याला सरळ चिकटवता येते. खाद्य पोचवणे, विरळणी आणि काढणीसाठी सोयीची. लाटांत मात्र तळ आपटतो आणि पाणी समोरून आत उडते.
- पुढे इंग्रजी ‘व्ही’ आकार, मागे जवळपास सपाट : लाटा कापते आणि मागच्या बाजूला तोलही मिळतो. मोठ्या जलाशयात गलजाळे टाकणाऱ्यांसाठी बहुतेक वेळा हा आकार योग्य ठरतो.
- पुढून मागेपर्यंत खोल ‘व्ही’ : वेगासाठी चांगला, परंतु थांबलेल्या बोटीत जाळे ओढताना जास्त डोलतो. जास्त ताकदीचे इंजिन लागते. जलाशयातील कामाला सहसा गरज नसते.

गलजाळे एकाच बाजूने ओढले जाते. त्या वेळी दोन माणसे आणि ओल्या जाळ्याचे वजन एकाच काठावर येते. म्हणून रुंदी कमी करून लांबी वाढवलेली बोट घेऊ नये. तळाची रुंदी ४ फुटांपेक्षा कमी असेल, तर दोन माणसांनी एका बाजूला उभे राहून काम करणे जोखमीचे होते.

धातूची प्रत आणि पत्र्याची जाडी

सर्व ॲल्युमिनियम सारखे नसते. भांडी, छत किंवा खिडक्यांसाठी वापरला जाणारा पत्रा बोटीला चालत नाही. बोटीच्या तळासाठी व बाजूंसाठी मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू वापरतात :

- ५०८३ आणि ५०८६ : बोटबांधणीतील मुख्य प्रती. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४ ते ४.९ टक्के असते. मजबूत, वेल्डिंगला योग्य, खाऱ्या पाण्यातही टिकतात.
- ५०५२ : मॅग्नेशियम २.२ ते २.८ टक्के. थोडा मऊ, वाकवायला सोपा. गोड्या पाण्यातील लहान बोटींना पुरेसा.
- ६०६१ व ६०६३ : काठाची नळी, फासळ्या, चॅनेल यांसाठी. ताकद वाढवण्यासाठी यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे वेल्डिंगच्या शेजारचा भाग मऊ पडतो. तळाच्या पत्र्यासाठी या प्रती घेऊ नयेत.

पत्र्यासोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र येते. त्यात प्रत, जाडी आणि हीट क्रमांक असतो. त्या प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि बांधणी सुरू होण्यापूर्वी पत्र्यावरील छापील खूण तिच्याशी जुळवून पाहावी. बोट रंगवून झाल्यावर ही पडताळणी करता येत नाही.

जाडीसाठी पुढील मापे मार्गदर्शक धरावीत :

| बोट आणि वापर | तळ | बाजू |
|---|---|---|
| १२ फुटांपर्यंत, वल्ह्यावर, लहान तलाव | २ मिमी | १.५ ते २ मिमी |
| १४ ते १८ फूट, १० अश्वशक्तीपर्यंत इंजिन | ३ मिमी | २.५ ते ३ मिमी |
| तीच बोट, परंतु खडक व झाडांचे बुंधे असलेला जलाशय | ४ मिमी | ३ मिमी |

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या विहिरी, बांध, झाडांचे बुंधे उन्हाळ्यात पातळी उतरली की वर येतात. अशा ठिकाणी तळाचा एक मिलिमीटर वाचवणे महागात पडते.

वजनकाट्यावरची पडताळणी : सांगितलेली जाडी खरी आहे का, हे बोटीच्या वजनावरून बरेचसे कळते. एकूण पत्रा (चौरस मीटर) × जाडी (मिमी) × २.७ = पत्र्याचे वजन (किलो). वरील सोळा फुटी बोटीला तळ, दोन बाजू आणि मागची भिंत मिळून साधारण १३ चौरस मीटर पत्रा लागतो. ३ मिमी जाडीला त्याचे वजन १०५ किलो होते. फासळ्या, बाके, काठाची नळी धरून बोट १५० किलोच्या आसपास किंवा जास्त भरली पाहिजे. ती ११० किलोच भरली, तर एकतर पत्रा पातळ आहे किंवा सांगाडा अपुरा आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी आणि बोटीसह तोलून हा फरक काढता येतो. मात्र मोठा वे-ब्रिज पाच-दहा किलोंच्या टप्प्यात वजन दाखवतो, हे लक्षात ठेवावे. शक्य असल्यास लहान काटा वापरावा.

सांगाडा

ॲल्युमिनियम पोलादापेक्षा साधारण तिप्पट लवचीक आहे. म्हणून पत्र्याखाली आधार जवळजवळ हवा. ३ मिमी तळाला आडव्या फासळ्या ४० ते ५० सेंटीमीटर अंतरावर आणि त्यांच्या जोडीला लांबीच्या दिशेने पट्ट्या असाव्यात.

- तळावर जमिनीशी काटकोनात उभे राहून टाचेने दाब द्यावा. पत्रा डबक-डबक वाजत आत-बाहेर होत असेल, तर आधार कमी आहे. सतत हलणाऱ्या पत्र्याला काही वर्षांनी चिरा पडतात.
- फासळीचे टोक मोकळ्या पत्र्यावर मध्येच संपलेले नसावे. ते दुसऱ्या पट्टीला किंवा कोपऱ्याला जोडलेले असावे. बहुतेक चिरा अशा टोकापासून सुरू होतात.
- प्रत्येक फासळीच्या खालच्या बाजूला पाणी वाहण्यासाठी भोक असावे. नाहीतर प्रत्येक खणात पाणी व चिखल साचून राहतो.
- फळी किंवा जमीन काढून तळ पाहता आला पाहिजे. कायमची वेल्ड केलेली जमीन असेल, तर निदान झाकणे असावीत.

जोडकाम : वेल्डिंग की रिव्हेट?

रिव्हेटची बोट पातळ पत्र्यात बनते, हलकी व स्वस्त असते. शांत, लहान पाण्यात ती चालते. पण इंजिनाच्या हादऱ्याने रिव्हेट काही वर्षांत ढिले होऊन झिरपू लागतात. रिव्हेट भरीव आणि दोन्ही बाजूंनी ठोकलेले असावेत. बाजारात मिळणारे साधे पोकळ पॉप रिव्हेट पाण्याखालच्या भागात असतील, तर ती बोट घेऊ नये.

रोजच्या कामासाठी वेल्डिंगची बोट चांगली. वेल्डिंग पुढीलप्रमाणे तपासावे :

१. रेघ एकसारख्या रुंदीची, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली दिसावी.
२. काळी काजळी, सुईच्या टोकाएवढी भोके, कडेला खणलेली खाच नसावी.
३. जेथे रेघ संपते तेथे खड्डा किंवा चांदणीसारखी चीर नसावी.
४. पाण्याखालचे सांधे सलग वेल्ड केलेले असावेत. आतील फासळ्यांना तुटक वेल्डिंग चालते, पण फासळीच्या टोकाला ते वळसा घालून पूर्ण केलेले असावे.
५. वेल्डिंग घासून सपाट केलेले आणि वर लांबीने झाकलेले असेल, तर कारण विचारावे. घासल्याने सांध्याची ताकद कमी होते.

खडू-रॉकेल चाचणी : रंग देण्यापूर्वी सांध्याच्या बाहेरच्या बाजूला खडूची पूड पाण्यात कालवून लावावी व वाळू द्यावी. आतून सांध्यावर रॉकेल फिरवावे. अर्ध्या तासात पांढऱ्या थरावर तेलकट डाग उमटला, तर तेथे आरपार भोक आहे. कारखान्यात ही चाचणी सहज करता येते. ती आपल्यासमोर करून घ्यावी. आगीचा धोका असल्याने जवळ वेल्डिंग चालू नसावे, आणि चाचणीनंतर सांधा पूर्ण पुसून मगच दुरुस्ती करावी.

मागची भिंत आणि इंजिन

इंजिन ज्या मागच्या भिंतीवर बसते तिला ट्रान्सम म्हणतात. सगळा जोर आणि हादरा तेथे येतो. ट्रान्समपासून तळाच्या पट्ट्यांपर्यंत दोन्ही बाजूंना तिरके आधार असावेत. इंजिनाच्या जागी पत्रा दुहेरी किंवा जाड असावा.

काही बोटींत ट्रान्समच्या आत प्लायवूड भरतात. पाणी शिरले की ते कुजते, बाहेरून कळत नाही. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड तर ॲल्युमिनियमला थेट खाते. म्हणून पूर्ण धातूचा ट्रान्सम घ्यावा.

आउटबोर्ड इंजिनाचा दांडा आखूड (ट्रान्सम उंची १५ इंच) किंवा लांब (२० इंच) असतो. आधी इंजिन ठरवून त्याप्रमाणे ट्रान्समची उंची सांगावी. पंख्याच्या वरची आडवी पाती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली यावी. आखूड दांडा उंच ट्रान्समवर बसवला, तर पंखा हवा ओढतो. उंची कमी करण्यासाठी ट्रान्सम कापला, तर मागून लाट आत येते. उत्पादकाने दिलेल्या कमाल अश्वशक्तीपेक्षा मोठे इंजिन लावू नये.

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात इंजिन वापरण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडे विचारणा करावी. बॅटरीवर चालणारी मोटर असेल, तर तिची धन व ऋण अशी दोन्ही तारांची जोडणी स्वतंत्र ठेवावी. बोटीच्या पत्र्याचाच तारेसारखा उपयोग केला, तर धातू झपाट्याने खाल्ला जातो.

पाणी भरले तरी न बुडणारी बोट

लाकडी होडी पाणी भरले तरी बहुधा तरंगत राहते. ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा २.७ पट जड आहे; पाणी भरले की बोट इंजिनासह तळाला जाते. म्हणून बोटीत बंद कप्पे किंवा फोम असणे ही सोय नसून गरज आहे. किती फोम लागेल, याचा हिशेब :

- पाण्याखाली ॲल्युमिनियमचे वजन सुमारे ६३ टक्के उरते. १६० किलोच्या बोटीचे साधारण १०० किलो.
- इंजिन : पूर्ण ४० किलो धरावे.
- बोटीला धरून राहिलेली दोन माणसे : अर्धे वजन, ७० किलो.
- एकूण २१०. त्यात साधारण पाव भाग जादा धरून २६० किलो.

एक लिटर हवाबंद जागा किंवा हलका फोम साधारण एक किलो वजन उचलतो. म्हणजे सुमारे २६० लिटर जागा हवी. दोन्ही बाजूंना ३ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल असे दोन कप्पे केले, तर २७० लिटर होतात. बसण्याच्या बाकांखाली हे सहज जमते.

जागाही महत्त्वाची आहे. फोम सगळा तळाशी असेल, तर पाणी भरलेली बोट पालथी होते. तो बाजूंना, काठाच्या जवळ आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना असावा. मग बोट सरळ राहते आणि माणसांना धरायला आधार मिळतो.

साधा थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. तो वापरलेला नसावा. बंद पेशींचा पॉलिथिन फोम चांगला. नुसते हवेचे कप्पे असतील, तर ते किमान चार स्वतंत्र भागांत असावेत. प्रत्येकाला स्क्रूचे झाकण असावे, म्हणजे आत पाणी शिरले का ते पाहता येते. साबणाचे पाणी लावून, सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब देऊन गळती तपासावी. जास्त दाबाने कप्पा फुगून सांधा उघडतो.

काठ आणि कामाची सोय

नायलॉनचे गलजाळे ज्या कोपऱ्यात, बोल्टवर किंवा उघड्या कडेवर अडकते, तेथे रोज फाटते. काठाला गोल नळी असावी. दोर बांधण्याचे खुंट जाळे ओढण्याच्या बाजूला नसावेत. वापरलेल्या जाळ्याचा तुकडा सोबत नेऊन तो पूर्ण काठावरून ओढून पाहावा. अडकेल ती जागा घासून घ्यावी.

उन्हाळ्यात पत्रा चटके देतो आणि ओला झाला की निसरडा होतो. उभे राहण्याच्या जागी खडबडीत चेकर्ड पत्रा किंवा काढता येणारी रबरी चटई असावी. ओली गोणपाटे कायमची अंथरून ठेवू नयेत. त्यांच्याखाली पत्र्याला खड्डे पडतात.

क्षरण : चुना, मोरचूद आणि पितळ

गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमवर आपोआप संरक्षक थर तयार होतो. रंग दिला नाही तरी चालते. परंतु मत्स्यशेतीत वापरली जाणारी काही सामग्री हा थर नष्ट करते :

- चुना : ओला चुना अल्कधर्मी असल्याने पत्रा खातो. पोती प्लास्टिकच्या टबात ठेवून न्यावीत आणि सांडलेला चुना लगेच धुवावा.
- मोरचूद : यातील तांबे ॲल्युमिनियमला आरपार खड्डे पाडू शकते. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण बोटीत कालवू नये.
- ब्लीचिंग पावडर आणि मीठ : बोटीत उघडे ठेवू नये, काम झाल्यावर बोट धुवावी.
- पितळ व तांब्याच्या वस्तू : तळाचे बूच पितळी नसावे, नायलॉनचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असावे. तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा नाणे तळाच्या पाण्यात पडून राहू देऊ नये.
- स्टेनलेस बोल्ट : नायलॉन वॉशर आणि सीलंट लावून बसवावेत.

कोकणातील खाडीत बोट वापरायची असेल, तर ५०८३ किंवा ५०८६ प्रतच घ्यावी. जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे अॅनोड तुकडे पाण्याखाली बसवावेत. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे अॅनोड वापरतात. अॅनोडवर रंग देऊ नये. शेवाळ व कालवे चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा तांबेयुक्त रंग ॲल्युमिनियम बोटीला कधीही लावू नये.

पाण्यातील चाचणी

चाचणी उथळ, शांत पाण्यात, सर्वांनी लाइफ जॅकेट घालून घ्यावी.

१. रिकामी बोट : ती दोन्ही बाजूंनी समतल बसली पाहिजे. एका बाजूला झुकत असेल, तर बांधणी वाकडी आहे.
२. पूर्ण भार : यादीतील वजनाएवढी वाळूची पोती भरून चारही ठिकाणी पाण्यापासून काठापर्यंतची उंची मोजावी व लिहून घ्यावी.
३. तोल : भार तसाच ठेवून दोन माणसांनी एका काठाशी उभे राहावे. काठ पाण्यापासून किमान १५ सेंटीमीटर वर राहिला पाहिजे.
४. इंजिन : एक तास चालवावे. नंतर फळ्या काढून तळात पाणी, ढिले बोल्ट किंवा नवी चीर दिसते का ते पाहावे.
५. पाणी भरून : कमरेएवढ्या पाण्यात इंजिन व वाळू काढावी. इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाचे लोखंड बांधून बोट काठोकाठ भरावी. ती सरळ तरंगली पाहिजे आणि दोन माणसांनी काठाला धरून भार दिल्यावरही बुडू नये.

पाचवी चाचणी घेऊ देण्यास उत्पादक टाळाटाळ करत असेल, तर दुसरा उत्पादक शोधावा.

करार आणि अनुदान

दरपत्रकात लांबी, रुंदी, खोली, धातूची प्रत, तळ व बाजूंची जाडी, बोटीचे वजन, फोमचे लिटर, कमाल माणसे, कमाल भार आणि कमाल अश्वशक्ती ही सर्व मापे लिहून घ्यावीत. पैसे तीन टप्प्यांत द्यावेत : मागणी नोंदवताना, सांगाडा व वेल्डिंग रंगापूर्वी तपासल्यावर, आणि शेवटचा हप्ता पाण्यातील चाचणीनंतर. वेल्डिंगची हमी लेखी घ्यावी.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थीकेंद्रित घटकांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. बोट खरेदी करण्यापूर्वी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात सध्याचे घटक, खर्चमर्यादा आणि नोंदणीची आवश्यकता विचारून घ्यावी. मंजुरीआधी केलेली खरेदी अनुदानात धरली जाईल, असे गृहीत धरू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रस्तावासोबत वरील मापांचा तक्ता जोडल्यास संस्थेला वेगवेगळ्या दरपत्रकांची तुलना करणे सोपे जाते.

देखभाल

- रोज काम झाल्यावर बूच काढून पाणी सोडावे, खाद्याचा चुरा व खवले धुवावेत.
- महिन्यातून एकदा वेल्डिंगच्या रेघा, ट्रान्समचे आधार आणि फोमचे कप्पे पाहावेत.
- चिरेच्या टोकाला लहान भोक पाडल्यास ती पुढे जाणे थांबते. हा तात्पुरता उपाय आहे. त्यानंतर बोट पाण्यात न नेता वेल्डिंग करून घ्यावे.
- वेल्डिंगपूर्वी इंधनाची टाकी उतरवावी आणि त्या भागातील फोम काढावा. तो पेट घेतो.
- बंद हंगामात बोट लाकडी ओंडक्यांवर पालथी ठेवावी. ओल्या मातीवर, शेणाच्या ढिगाजवळ किंवा नव्या काँक्रीटवर ठेवू नये.
- मार्च ते जून या काळात दुपारनंतर ढग दाटले, गडगडाट ऐकू आला की जाळे सोडून काठ गाठावा. चांगली बोट वादळात वाचण्याची शक्यता वाढवते, वादळ टाळत नाही.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या दहा बाबी

१. भाराची लेखी यादी तयार आहे.
२. पत्र्याचे चाचणी प्रमाणपत्र पाहिले.
३. बोटीचे वजन जाडीशी जुळते.
४. फासळ्यांचे अंतर मोजले.
५. खडू-रॉकेल चाचणी समोर झाली.
६. ट्रान्सम पूर्ण धातूचा आहे. उंची इंजिनाशी जुळते.
७. फोमचे लिटर मोजले, थर्माकोल नाही.
८. पितळ, तांबे, तांबेयुक्त रंग कोठेही नाही.
९. पूर्ण भार, तोल आणि पाणी भरण्याची चाचणी झाली.
१०. कमाल माणसांची पाटी लावली आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घेतले.

लाइफ जॅकेटचा खर्च बोटीच्या अंदाजपत्रकातच धरावा आणि पहिल्या फेरीपासून ते अंगावर असावे.